बांधाची लांबी म्हणजे वावराचे माप नव्हे

चार बांध फितीने मोजायचे, समोरासमोरच्या बांधांची सरासरी काढायची, दोन्ही सरासऱ्यांचा गुणाकार करायचा आणि १०८९ ने भागून गुंठे सांगायचे. वाटणी असो, खंड असो की फवारणीचा हिशेब, ही रीत अजून चालते. ती फक्त काटकोनी चौकोनात बरोबर येते. बाकी कुठल्याही चौकोनी वावरात ती क्षेत्र जास्तच सांगते, कमी कधीच सांगत नाही. आणि जास्त किती, हे चार बांधांवरून कळायला मार्गच नाही.

एक वावर घ्या. बांध क्रमाने २००, १५०, १८० आणि १३० फूट. सरासरीच्या रीतीने १९० गुणिले १४०, म्हणजे २६,६०० चौरस फूट, २४.४ गुंठे. आता पहिल्या दोन बांधांच्या मोकळ्या टोकांना जोडणारा कर्ण मोजा. तो २३० फूट भरला तर खरे क्षेत्र २६,४७२ चौरस फूट, म्हणजे २४.३ गुंठे. सरासरी जवळजवळ बरोबर. पण तोच कर्ण २९० फूट भरला तर क्षेत्र २१,८१७ चौरस फूट, जेमतेम २० गुंठे. बांध तेच, तारेचे कुंपण तेवढेच आणि सव्वाचार गुंठे हवेत. अशा वावराचा कोन दबलेला असतो, आणि काठावरून चालणाऱ्याला तो दबलेपणा डोळ्यांना दिसत नाही.

भास्कराचार्यांनी लीलावतीत (शके १०७२, इ.स. ११५०) हे फार कडक शब्दांत सांगून ठेवले आहे. चतुर्भुजाचा लंब किंवा कर्ण यांतले काहीच न सांगता जो त्याचे क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याहून मोठा पिशाच, असा त्या श्लोकांचा भाव आहे. चार बाजूंनी चौकोन पक्का होत नाही, तो हलतो, हे ज्याला समजले नाही त्याच्याबद्दल हा राग आहे. खान्देशाने तर हा राग आपला मानायला हवा. चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरापाशी, पाटणादेवीच्या देवळात शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाची आणि निकुंभ कुळातल्या सोइदेवाने त्याला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. लेखाचा शेवटचा, दानाचा भाग तेव्हाच्या मराठीत आहे. ज्या मुलखात हे गणित शिकवायला मठ होता, तिथे वावर कर्णाशिवाय मोजले जावे याचे मला वाईट वाटते.

मोजायची रीत अवघड नाही. कोपऱ्याचे दगड आधी शोधा. बांध रुंद असेल तर त्याच्या मधोमध खुंटी ठोका आणि सगळी मापे खुंटीपासून खुंटीपर्यंतच घ्या. एक माप बांधाच्या आतून आणि दुसरे बाहेरून घेतले की तिथेच दोनचार फूट जातात. चार बाजू झाल्या की दोन्ही कर्ण घ्या. गणिताला एकच कर्ण लागतो, दुसरा तपासायला.

एका कर्णाने वावराचे दोन त्रिकोण होतात. त्रिकोण तीन बाजूंनी पक्का असतो, तो हलत नाही. तीन बाजूंच्या बेरजेचे निम्मे काढा. त्यातून एकेक बाजू वजा करून तीन आकडे मिळवा. हे तीन आणि ते निम्मे, असे चार आकडे गुणून वर्गमूळ घ्या. ते त्रिकोणाचे क्षेत्रफळ. वरच्या वावरात पहिला त्रिकोण २००, १५०, २३० चा. निम्मे २९०, वजाबाक्या ९०, १४०, ६०, गुणाकार २१,९२,४०,०००, वर्गमूळ १४,८०७. दुसरा २३०, १८०, १३० चा: निम्मे २७०, वजाबाक्या ४०, ९०, १४०, गुणाकार १३,६०,८०,०००, वर्गमूळ ११,६६५. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचे काम. हीच रीत चौकोनाच्या चार बाजूंना सरळ लावली तर फळ अस्फुट, म्हणजे ढोबळ येते, त्रिकोणात मात्र स्पष्ट येते, हेही लीलावतीत आहे. मग दुसऱ्या कर्णाने हेच सगळे पुन्हा करा. दोन्ही उत्तरांत शेकडा एकाहून जास्त फरक असेल तर कुठलेतरी माप चुकले आहे. आकडे जुळवत बसू नका, पुन्हा फीत लावा.

एखादा कोपरा आत गेलेला असेल, वावर बुमरँगसारखे दिसत असेल, तर कर्ण त्या आत गेलेल्या कोपऱ्यातूनच घ्यावा. दुसरा कर्ण वावराच्या बाहेरून जातो आणि त्याचे त्रिकोण बेरजेचे नसून वजाबाकीचे होतात. नाल्याकाठचा वाकडा बांध असेल तर दोन दगडांमध्ये सरळ दोरी ताणा, दर १० मीटरवर दोरीपासून बांधापर्यंत काटकोनात अंतर मोजा. समजा ४० मीटरच्या दोरीवर ०, ३, ५, ४, ० मीटर आले. पहिला आणि शेवटचा आकडा निम्मा धरून बेरीज १२, गुणिले १०, म्हणजे १२० चौरस मीटर. इथे चूक एकाच जागी होते: काटकोन डोळ्याने धरला जातो. तिरपे घेतलेले अंतर बहुधा लांबच येते. दोरीला ३, ४ आणि ५ हातांच्या अंतराने गाठी मारून त्रिकोण ताणला की काटकोन आपोआप मिळतो.

सातपुड्याच्या पायथ्याच्या चढावर फीत जमिनीला टेकवून मोजू नये. कागदावरचे क्षेत्र आडव्या पातळीतले असते. दहा फुटांना एक फूट चढ असेल तर चढाच्या बाजूने अर्धा टक्का लांबी फुकट वाढते. आणि हे सगळे आपल्या अंदाजासाठी. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेखची मोजणीच धरली जाते.

गुंठा आणि आर यांची गल्लत इथेच मोडून टाकू. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावरचा आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०७६.४ चौरस फूट. आर गुंठ्यापेक्षा थोडा लहान. पाच एकराचे २०० गुंठे होतात, पण आर २०२.३.

आता बांधाकडे वळू. क्षेत्र तेच ठेवून बांध किती वाढतो, हे वाटणीच्या वेळी कुणी पाहत नाही. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. चौरस असेल तर बाजू २०८.७ फूट आणि घेर ८३५ फूट. तोच एकर ६६ फूट रुंद आणि ६६० फूट लांब पट्टी असेल तर घेर १,४५२ फूट. गोल असता तर ७४० फूट. तेवढ्या क्षेत्राला याहून छोटा घेर कुठल्याच आकाराला नसतो.

घेर वाढला म्हणजे नुसती तार वाढत नाही, पिकाची जागाही जाते. प्रत्येक बांधालगत तीन फूट सोडायचे धरा. चौरस एकरात २.३ गुंठे जातात, पट्टीत ४ गुंठे. आता ती पट्टी दोघा भावांत वाटली. उभी वाटली, म्हणजे प्रत्येकाला ३३ फूट रुंद आणि ६६० फूट लांब, तर दोघांचे मिळून ७.६ गुंठे बांधालगत पडतात. आडवी वाटली, प्रत्येकी ६६ फूट रुंद आणि ३३० फूट लांब, तर ४.३ गुंठे. सव्वातीन गुंठ्यांचा फरक केवळ रेघ कुठल्या दिशेने ओढली यावर. पाच बाय पाच फुटांवर केळी लावली तर एका रोपाला २५ चौरस फूट लागतात, म्हणजे एवढ्या जागेत सुमारे १४० रोपे बसतात. तरी लोक उभीच वाटतात, कारण एका टोकाला रस्ता आणि दुसऱ्या टोकाला विहीर किंवा पाट असतो, आणि दोन्ही दोघांना हवे असतात. ते कारण खरे आहे. पण रस्त्याचा हक्क आणि पाइपलाइन कागदावर लिहून घेऊन आडवी वाटणी होऊ शकते. निदान दोन्ही हिशेब समोर ठेवून ठरवावे.

चौकोनाला पाच मापे लागतात. वर्तुळाला एकच पुरते, आणि म्हणूनच ते एक माप कुठले घेतले याला फार महत्त्व येते.

विहीर घ्या. मध्यावर उभे राहता येत नाही, म्हणून व्यास थेट मोजणे धोक्याचे. कठड्याच्या बाहेरून फीत गुंडाळून परीघ घेणे सोपे. समजा तो २४.२ मीटर आला. ७ ने गुणून २२ ने भागा: व्यास ७.७ मीटर. पण हा कठड्याच्या बाहेरचा व्यास. कठडा ४५ सेंटिमीटर जाड असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून ९० सेंटिमीटर वजा: आतला व्यास ६.८, त्रिज्या ३.४. क्षेत्रफळ २२/७ गुणिले ३.४ गुणिले ३.४, म्हणजे ३६.३ चौरस मीटर. एक मीटर पाण्याला सुमारे ३६,३०० लिटर. जाडी वजा करायची राहिली तर उत्तर ४६,६०० येते, २८ टक्के जास्त. एकदाच वजा केली तरी चुकते, कारण व्यास दोन्हीकडची भिंत पोटात घेतो. कठडा जमिनीखालच्या बांधकामापेक्षा आत किंवा बाहेर असेल तर पाण्याच्या पातळीवरचा व्यास वेगळा असतो, तेही पाहावे.

फीत गुंडाळताना ती एका पातळीत हवी. खाली-वर झाली की परीघ जास्त येतो. व्यासच मोजायचा असेल तर एकाने कठड्यावर दोरीचे एक टोक धरून ठेवावे, समोरच्याने दुसरे टोक कठड्यावरून सरकवत जावे. सगळ्यात मोठे माप तो व्यास. यात छोटी चूक चालून जाते. ६.८ मीटरच्या विहिरीत दोरी मध्यापासून ३० सेंटिमीटर बाजूला गेली तरी माप तीनच सेंटिमीटर कमी येते. जुनी दगडी विहीर अगदी गोल नसते, म्हणून तीन दिशांनी मोजून सरासरी घ्या.

२२/७ पुरते का, हा प्रश्न नेहमी येतो. लीलावतीत परीघाला दोन गुणोत्तरे दिली आहेत: ३९२७/१२५० हे सूक्ष्म, आणि २२/७ हे स्थूल पण व्यवहारयोग्य. सूक्ष्म म्हणजे ३.१४१६, आर्यभटांचे ६२,८३२/२०,००० (इ.स. ४९९) १६ ने छेदले की हेच मिळते. २२/७ ने एक मीटर व्यासाला सव्वा मिलिमीटर परीघ जास्त येतो. विहिरीच्या कठड्यावर फितीची चूक याच्या कितीतरी पट असते. तेव्हा २२/७ खुशाल वापरा, आणि वाचलेली काळजी भिंतीच्या जाडीवर खर्च करा.

खोदाईच्या बोलीत क्षेत्रफळाचा वर्ग खरा चावतो. २० फुटी विहिरीऐवजी २४ फुटी करायची म्हटली तर ‘चारच फूट जास्त’ असे वाटते. परीघ २० टक्के वाढतो, म्हणून बांधकामाचा दगड २० टक्के जास्त. पण क्षेत्रफळ ४४ टक्के वाढते, म्हणून तेवढ्याच खोलीला माती-मुरूम ४४ टक्के जास्त. दोन्ही कामांना एकच टक्का लावून बोली केली तर कुणीतरी एक नक्की बुडतो. आतून २० फूट हवी आणि बांधकाम दीड फूट जाड असेल तर खड्डा २३ फुटांचा काढावा लागतो. म्हणजे ३१४ नव्हे, ४१५ चौरस फुटांची खोदाई. बोलीच्या कागदावर ‘आतला व्यास’ की ‘खड्ड्याचा व्यास’ हे दोन शब्द लिहिलेच पाहिजेत.

वर्तुळाचे क्षेत्रफळ परीघ गुणिले व्यासाचा चौथा भाग, असे भास्कराचार्य सांगतात. सूत्र पाठ असणाऱ्या मुलांनाही ते का, हे माहीत नसते. पतंगी कागदावर ७ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा आणि चार वेळा मधोमध घडी घाला. सोळा फाका होतात. (जाड कागदाची चौथी घडी सरकते, म्हणून पतंगी.) फाका कापून एक टोक वर, एक टोक खाली, अशा ओळीत शेजारी शेजारी ठेवा. साधारण आयत दिसेल. उंची त्रिज्येएवढी, ७. आठ फाकांच्या कडा खाली, आठ वर, म्हणून लांबी निम्म्या परीघाएवढी, २२. गुणाकार १५४. मूल इथे हटकून विचारते की कडा वाकड्या आहेत, मग हे बरोबर कसे? प्रश्न रास्त आहे. सरळ पट्टीने मोजले तर तळ २१.८५ भरतो आणि उंची ६.८७, म्हणजे १५० च. उरलेले चार चौरस सेंटिमीटर त्या फुगवट्यांत आहेत. फाका ३२ केल्या की फुगवटा आणखी बसतो. गणेश दैवज्ञांनी लीलावतीवरच्या बुद्धिविलासिनी टीकेत (१५४५) हीच फाकांची युक्ती दिली आहे. वर्गात सूत्र फळ्यावर लिहिण्याआधी कात्री द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

पाइपलाही तोच नियम. दोन इंची पाइपाचे तोंड एक इंचीच्या दुप्पट नसून चौपट असते, आणि घर्षण कमी असल्याने पाणी चौपटीहूनही जास्त जाते. पीव्हीसी पाइपावरचा ६३ मिमी हा आकडा बाहेरच्या व्यासाचा. भिंत २ मिमी धरली तर आत ५९ मिमी उरतात आणि तोंडाचे क्षेत्रफळ १२ टक्क्यांनी घटते. तुषार सिंचनात १२ मीटर फेकीचा नोझल २४ मीटरच्या चौकटीत एकच ठेवला तर वर्तुळ चौकटीचा ७८.५ टक्के भाग भिजवते, चारही कोपरे कोरडे राहतात. कोरडा कण राहू नये म्हणून चौकटीत अंतर १७ मीटरच्या आत हवे, आणि फेकीच्या कडेला पाणी विरळ पडते म्हणून १२ मीटरच ठेवलेले बरे.

शेततळ्यात मात्र जरा थांबावे लागते, कारण त्याच्या बाजू उतरत्या असतात. वर ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, आणि एक मीटर खोलीला दीड मीटर उतार असेल तर तळ २१ बाय २१ चा राहतो. ३० गुणिले ३० गुणिले ३ करून २७ लाख लिटर म्हणणे साफ चूक. वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळाची सरासरी घेतली तर २०,११,५०० लिटर येते, तेही थोडे जास्त. लीलावतीतल्या खातव्यवहारात, म्हणजे खोदाईच्या गणितात, नेमकी रीत आहे: तोंडाचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्हींच्या बाजूंची बेरीज करून होणाऱ्या आकाराचे क्षेत्रफळ, या तिन्हींची बेरीज सहाने भागायची आणि खोलीने गुणायची. ९०० अधिक ४४१, अधिक ५१ चा वर्ग २,६०१, बेरीज ३,९४२, भागिले ६, ६५७, गुणिले ३, १,९७१ घनमीटर. म्हणजे १९,७१,००० लिटर, तेही काठोकाठ. काठाखाली अर्धा मीटर मोकळा ठेवलात तर वरचे सुमारे ४.३ लाख लिटर त्यातून वजा.

तळ्यात अंथरायच्या प्लास्टिक कागदाची मागणी नोंदवताना सगळ्यात जास्त फसगत होते. तळे ३० बाय ३० चे, म्हणून कागदही तेवढाच, असे धरले जाते. उताराची तिरपी लांबी ३ आणि ४.५ च्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण, ५.४१ मीटर. तळ २१, दोन्हीकडचे उतार १०.८, मिळून ३१.८ मीटर. काठावरच्या चरात पुरायला प्रत्येक बाजूला एक मीटर धरला की ३३.८. कागद ३४ बाय ३४ मीटरचा मागवा आणि ही मापे खोदाई संपल्यावर, प्रत्यक्ष उतारावर फीत टाकून घ्या, कारण जेसीबीने काढलेला उतार नकाशाइतका नेमका नसतो. कोपऱ्यांत चुण्या पडतील. त्या कापायच्या नाहीत, एका दिशेला दुमडून बसवायच्या. कागद ताणून चरात पुरू नका. खाली पाण्याचा भार आला की तो उताराच्या खळग्यांत बसायला जागा मागतो, आणि ती मिळाली नाही तर पहिल्यांदा फाटतो तो उताराच्या पायथ्याशी.